पेठेची लीग

पावसाळा सरतो, दिवाळीतले मातीचे किल्ले मोडले जातात आणि कोल्हापूरच्या पेठांमध्ये एकच चर्चा रंगते : यंदा कोण कुठून खेळणार? गेल्या वर्षी ज्याने आपल्यावर गोल केला तो आपल्याकडे येतोय का? गोलरक्षक टिकतोय का? कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, खेळाडूंची नोंदणी सुरू करते आणि हंगामाला तोंड फुटतं. मैदानावर चेंडू पडायच्या आधीच पेठेत निम्मा हंगाम खेळून झालेला असतो.

केएसएची स्थापना १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटाच्या फुटबॉल साखळीत १६ संघ उतरतात. त्यांची नावं नुसती वाचली तरी जुन्या कोल्हापुरात फेरफटका होतो : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, संध्यामठ तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. कुणाच्या नावात देव आहे, कुणाच्या नावात पेठ, कुणाच्या नावात चक्क वाघ. प्रॅक्टिस क्लब आणि शहराच्या पश्चिम अंगाचं फुलेवाडी यांचाही दबदबा मोठा. खालच्या गटांतून वर येण्यासाठी झगडणारे संघ वेगळेच. जगातल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांच्या मागे एखादी कंपनी, एखादा धनिक किंवा भागधारक असतो. इथल्या बहुतेक संघांच्या मागे तालीम असते, आणि हा फरक वरवरचा नाही.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या कारकिर्दीत कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्यामुळे पेठोपेठी तालमी बळकट झाल्या. खासबागेचं कुस्ती मैदान त्याच काळातलं. पण तालीम लाल मातीपुरती कधीच नव्हती. गणपती बसवायचा तालमीने, शिवजयंतीची मिरवणूक काढायची तालमीने, मर्दानी खेळ शिकवायचे तालमीत, पेठेतल्या कुणाच्या घरी अडचण आली तर धावायचं तालमीच्या पोरांनी. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत पाण्यात उतरलेल्या तरुणांमध्ये याच तालमी-मंडळांची पोरं होती. संस्थानी काळात फुटबॉल कोल्हापुरात आला तेव्हा त्याला नवं घर शोधावं लागलं नाही. तरुण पोरं होती, त्यांच्या अंगात रग होती, शिस्त लावणारे वस्ताद होते आणि शेजारच्या पेठेला हरवायची ईर्षा तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती. कुस्तीत पेठेचा एकच मल्ल उतरतो. फुटबॉलने एकदम अकरा जणांना पेठेचं नाव लावून मैदानात उतरवलं.

कोल्हापूर तेव्हा एक छोटं राज्यच होतं. १९ तोफांच्या सलामीचा मान असलेलं, दहा लाखांच्या आसपास वस्तीचं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य गेलं, साखळी मात्र राहिली. छत्रपती घराण्याचं या खेळाशी असलेलं नातंही राहिलं : मालोजीराजे छत्रपती २०२२च्या निवडणुकीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर गेले.

या साखळीचं घर म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियम. शहराच्या अगदी पोटात, खासबागेजवळ. एकेकाळी इथे रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवून मैदान झालं, शेजारी रावणेश्वराचं मंदिर आजही आहे. हंगामात बहुधा दुपारी पाठोपाठ दोन सामने होतात. दुकानाचं शटर अर्धवट ओढून, कारखान्यातली पाळी बदलून घेऊन, शाळा सुटल्यावर दप्तरासकट माणसं इथं येतात. मोठ्या सामन्याला हजारोंची गर्दी. प्रत्येक संघाचे समर्थक ठरलेल्या बाजूला बसतात, आणि नवख्या माणसाला कोण कुठे हे पाच मिनिटांत कळतं. दाद इथे फुकट मिळत नाही. साधा थ्रो-इन चुकला तरी तीन पिढ्यांचा आवाज एकदम उठतो, कारण आजोबांनी त्याच तालमीकडून खेळलेलं असतं आणि नातवाला पुढच्या वर्षी खालच्या गटात उतरायचं असतं.

आधी साखळी, मग चषक असा हंगामाचा क्रम. साखळीत धीराची परीक्षा असते : एका हरलेल्या सामन्याने काही बुडत नाही, पण दोन-तीन बरोबऱ्या महागात पडतात, आणि तळाच्या संघांना खालच्या गटात घसरायची धास्ती असते. त्यानंतर येतात बाद पद्धतीच्या स्पर्धा. कुणा नेत्याच्या नावाचा, कुणा मंडळाचा चषक. तिथे गणित सरळ असतं : हरला तो घरी. बरोबरी झाली की टायब्रेकर, आणि टायब्रेकरला अख्खं स्टेडियम उभं राहतं. ऊन वाढत जातं, मैदान कडक होतं, दुखापती साचतात, आणि वळवाच्या सरी येईपर्यंत हा सिलसिला चालू राहतो. मृगाच्या पावसात मैदान भिजलं की चर्चा पुन्हा कट्ट्यावर येते.

या हंगामाचं मोल कळायचं तर महाराष्ट्रातल्या मोठ्या क्लबांचं काय झालं ते आठवावं. मुंबईचा महिंद्र युनायटेड १९६२ सालचा. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि २०१० मध्ये तो बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, आणि काही वर्षांतच इतिहासजमा झाला. डीएसके शिवाजीयन्स गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या भूमीतही २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. यांच्या मागे मालकांचा पैसा होता, हाताशी खेळाडूही होते. पण निर्णय मोजक्या माणसांच्या हातात होता, आणि त्या माणसांचं मन किंवा गणित बदललं की खेळ थांबत होता. पाटाकडील किंवा खंडोबा तालीम असं एका बैठकीत बंद करता येत नाही. पेठेला टाळं कोण लावणार?

गावाच्या बळावर उभा असलेला क्लब टिकतो, हे छोट्या देशांमध्येही दिसतं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची वस्ती ५५ हजारांच्या आत-बाहेर, अव्वल साखळीत दहा संघ. त्यातला केआय हा क्लाक्सविक या सुमारे ५ हजार वस्तीच्या गावाचा क्लब, १९०४ सालचा. २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्याने हंगेरीच्या बलाढ्य फेरेन्सवारोसला त्यांच्याच मैदानावर ३-० असं हरवलं. पुढे तो कॉन्फरन्स लीगच्या गटात पोहोचला. युरोपीय स्पर्धेच्या गटात खेळणारा तो पहिला फेरोई क्लब. त्या संघात नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे लोक होते. शंभरहून अधिक वर्षं एक गाव आपला क्लब जपत खेळत राहिलं की त्यातून काय उभं राहू शकतं, त्याचं हे उदाहरण.

मग कोल्हापूरच्या मातीतून काय उभं राहिलं? २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा आघाडीवीर पुढे जमशेदपूर, हैदराबाद असा इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. निखिल कदम पुणे एफसीमार्गे मोहन बागानच्या जर्सीत पोहोचला. मुलींनीही वाट काढली. २०१७च्या अखेरीस इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी कोल्हापुरात झाली, आणि पुढे एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ त्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळला. ज्या तालमींनी मुलांचे इतके संघ उभे केले, त्यांनी मुलींसाठीही दार पूर्ण उघडायला हवं. पेठ काही फक्त मुलांची नसते.

या साखळीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिच्या दुखण्यांकडे डोळेझाक करवत नाही. ईर्षा मैदानात असते तोवर ती खेळाला धार लावते, गॅलरीत उतरली की दगड होते. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, स्टेडियमवर पोलीस बंदोबस्त नेहमीचा झाला आहे, आणि त्यामुळे घरातल्या बायका-मुलांना घेऊन सामन्याला जायला लोक कचरतात. दुसरं दुखणं पैशाचं. गेल्या काही वर्षांत आफ्रिकी देशांतले खेळाडू इथल्या संघांतून दिसू लागले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, बचावफळीला नवे धडे मिळाले. पण बाहेरून खेळाडू आणण्यात मंडळांची सगळी गंगाजळी गेली तर पेठेतल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या प्रशिक्षणाला उरणार काय? तिसरं, एकाच मैदानावर एवढे सामने. गवताला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. यातलं एकही दुखणं असाध्य नाही. तालमीच्या जाणत्यांचा शब्द पेठेत अजून चालतो. तो त्यांनी वेळेवर टाकला तर गॅलरीतला गोंधळ पोलिसांपेक्षा लवकर थांबेल.

मी राहतो ते भिसेगाव कर्जत स्टेशनाला लागून आहे. रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथून जाते. बोरघाट चढायला गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं जोडतात. पुढचं इंजिन सगळ्यांना दिसतं, पण घाट चढतो तो मागच्या रेट्यावर. मैदानातल्या अकरा जणांमागे पेठेचा रेटा असतो तो असाच. आमच्या कर्जत-खालापूरकडे खेळाची रग कमी नाही. रायगडची कबड्डी राज्यात नावाजलेली. गावोगावी मंडळं आहेत, जत्रेला आणि सुट्टीत स्पर्धा होतात, टेनिस क्रिकेटचे चषक झडतात. पण स्पर्धा दोन दिवसांत आटोपते, ट्रॉफी मंडळाच्या कपाटात जाते आणि पोरं पुन्हा पांगतात. दर आठवड्याला ठरलेला सामना नाही, गुणतक्ता नाही, वर चढायची आस नाही, खाली घसरायची धास्ती नाही. हंगाम नाही.

कोल्हापूरने दाखवून दिलंय की हंगाम उभा करायला आधी स्टेडियम लागत नाही आणि श्रीमंत मालकही लागत नाही. एक नोंदणीचं पुस्तक लागतं, वेळापत्रक लागतं, निकाल लिहून ठेवणारी आणि पंचाचा शब्द अखेरचा मानणारी संघटना लागते, आणि आपल्या गावाच्या नावासाठी दरवर्षी न चुकता उभं राहायची तयारी लागते. गावोगावची मंडळं आपल्याकडे आहेतच. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर आणि आजूबाजूच्या गावांच्या मंडळांनी एकत्र बसून कबड्डीची किंवा फुटबॉलची अशी एक साखळी सुरू करावी. पहिल्या वर्षी सहा संघ आले तरी पुरेत. दुसऱ्या वर्षी तेच सहा पुन्हा आले, की तो आपला पहिला खरा हंगाम.