धोका कोणाला, आणि का?

एकाच घरातील दोन भावांना एकाच आठवड्यात ताप येतो. विषाणू एकच. एक घरच्या घरी बरा होतो, दुसऱ्याला रुग्णालयात प्राणवायू लावावा लागतो. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या साथीत हे अनेक घरांनी पाहिले. कोणी त्याला नशीब म्हटले. नशिबाचा वाटा आम्ही नाकारीत नाही. पण सगळाच हिशेब त्याच्या खात्यावर मांडणे बरे नव्हे.

धोका वाढविणाऱ्या गोष्टींत पहिली वय. साठीनंतर धोका झपाट्याने वाढतो. त्यामागून मधुमेह, मूत्रपिंडाचे व हृदयाचे जुने विकार आणि स्थूलपणा. मात्र धोका म्हणजे भाकीत नव्हे. ढग आले म्हणजे पाऊस पडतोच असे नाही. तरी मोंढ्यात ज्याचे धान्य उघड्यावर आहे, तो ढग पाहून ताडपत्री टाकतोच.

आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. समजा, एका गावात १,००० जण आजारी पडले, ५० रुग्णालयात गेले आणि त्यांतील १० दगावले; घरी कोणीही दगावले नाही. रुग्णालयाचा आकडा शेकडा २०, गावाचा शेकडा १. दोन्ही खरेच. रुग्णालयात मुळात अधिक आजारीच पोहोचतात. तेव्हा ‘तिथे गेले की माणूस परत येत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा, आणि घातकही. कारण त्या भीतीने माणूस उशिरा जातो.

उशीर का नडतो? रक्तातील प्राणवायूचे प्रमाण निरोगी माणसात साधारण ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. कोविडमध्ये ते कित्येकदा धाप न लागताच घसरे. रुग्ण बोलतो आहे, चहा पितो आहे, म्हणून घरचे निश्चिंत राहत. पुष्कळदा दुसऱ्या आठवड्यात शरीराचा स्वतःचा प्रतिकारच अनावर होऊन फुप्फुसांना सूज आणी.

या सुजेवर डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडते, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखविले. कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या प्राणवायूवरील रुग्णांचे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना लाभ दिसला नाही. उलट अशी औषधे आणि अनावर साखर एकत्र आली, तेथे २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांना गाठले. औषध तेच, वेळ आणि रुग्ण पाहून ते तारक किंवा मारक.

२ जानेवारी २०२१ रोजी राज्यात लसीकरणाची रंगीत तालीम झाली, तीत जालना जिल्हाही होता. लसीने गंभीर आजार व मृत्यू पुष्कळ कमी केले. साथ ओसरली, पण विषाणू संपलेले नाहीत.

वय आपल्या हाती नाही. रक्तातील साखर व रक्तदाब वेळोवेळी तपासून आटोक्यात ठेवणे, लस घेणे आणि घरातील वृद्धांना वेळेवर डॉक्टरांकडे नेणे आपल्या हाती आहे. ढग दिसण्यापूर्वीच ताडपत्री घरात असावी, एवढेच आमचे सांगणे.