ग्लुटेनवर्ज्य पथ्य आणि घरचा स्पंज केक

सिलिअ‍ॅक विकाराच्या रुग्णास गहू, जव व राय ही धान्ये आजन्म वर्ज्य असतात. बालरुग्णाचे पथ्य बहुधा वाढदिवसाच्या केकपाशीच मोडते. म्हणून आम्ही ही अल्पखर्चिक कृती सुचवितो.

साहित्य : अंडी ३, साखर ९० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी ७० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, वेलचीपूड.

कृती : अंडी व साखर फिकट, दाट फेस होईपर्यंत फेटावी. चाळलेली पिठे हलक्या हाताने मिसळावीत. तेल लावलेल्या १८ सेंटीमीटरच्या भांड्यात १७० अंश सेल्सिअसवर सुमारे ३० मिनिटे भाजावे. ग्लुटेनचा आधार नसल्याने हलकेपणा फेसातील हवेवरच अवलंबून असतो.

ग्लुटेनमुक्त अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या गिरणीत दळलेली पिठी ही मर्यादा सहज ओलांडते. तांदूळ घरीच मिक्सरवर दळावेत.

औषधालयांनीही दक्ष असावे. बाजारातील बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो; अशा रुग्णास हिंग्वाष्टक चूर्ण शुद्ध हिंगाचेच द्यावे. गोळ्यांतील स्टार्च कोणत्या धान्याचा, हेही वेष्टनावर नमूद करावे. मात्र निदानाच्या तपासण्या पूर्ण होण्याआधी गहू बंद करू नये, अशी वैद्यवर्गास आमची आग्रहाची विनंती आहे. अन्यथा रक्ततपासणीत विकार दडून राहतो.