सिंहलद्वीपाच्या डोंगरवाटा आणि श्रावकाचे नियम

प्रताप नगरातील ज्या कुटुंबांनी सम्मेद शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना पायी केली आहे, त्यांना श्रीलंकेतील श्रीपाद शिखराची चढण परकी वाटणार नाही. २,२४३ मीटर उंचीच्या या शिखरावर नल्लतन्निया गावाकडून सुमारे साडेपाच हजार पायऱ्या चढाव्या लागतात. यात्राकाळ मार्गशीर्ष पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत. अर्थात चातुर्मास संपल्यावर महिन्याभराने सुरू होणारा.

अडचण वेळेची आहे. माथ्यावरून सूर्योदय पाहावा म्हणून यात्रेकरू मध्यरात्रीनंतर निघतात आणि वाटेवरच्या दुकानांत चहा घेत चढतात. चौविहार पाळणाऱ्याला मात्र सूर्योदय होऊन ४८ मिनिटे लोटेपर्यंत पाण्याचा थेंबही वर्ज्य. तरुणांना हे जमेल. वडीलधाऱ्यांनी नवकारशी पारून, उजेडातच चढावे. सूर्योदय हुकेल, पण नियम आणि प्रकृती दोन्ही सांभाळली जातील.

त्याहून नाजूक प्रश्न सिंहराजाच्या वर्षावनात उभा राहतो. १९८८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या अरण्यात ओल्या पाचोळ्यातून जळवा अंगावर चढतात. सोबतचे लोक सहज मीठ टाकतात. मिठाने जळू तडफडून मरते, आणि जळू हा द्वीन्द्रिय जीव आहे. उपाय आधीच करावा: विजारीवरून गुडघ्यापर्यंत बांधायचे घट्ट विणीचे कापडी मोजे तेथे मिळतात. तरीही चिकटलीच, तर तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ती अलगद सोडवावी व बाजूला ठेवावी. रक्त थोडा वेळ वाहते, एवढेच.

आहाराबाबत एक इशारा हवाच. तेथील नारळाच्या चटणीत, कधी भाजीतही, सुक्या माशाचा चुरा असतो. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. मासा नको, कांदा-लसूण नको, असे वेगळे सांगावे. खाकरे, चिवडा जवळ असलेला बरा. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर मात्र प्लास्टिकच्या पिशव्या प्रवेशद्वारीच काढून घेतात, म्हणून खाऊ डब्यात भरावा.

परतताना अनुराधपूर टाळू नये. पांडुकाभय राजाने तेथे निर्ग्रंथ मुनींसाठी निवासस्थाने बांधल्याचे ‘महावंश’ हा बौद्ध ग्रंथच सांगतो. पुढे वट्टगामणी अभय राजाने गिरी नामक निर्ग्रंथाचा आश्रम पाडून त्या जागी विहार उभारला. राजाचे नाव अभय, मुनीचे गिरी. तो विहार आजही अभयगिरी म्हणूनच ओळखला जातो.