गिटची धास्ती कमी होतेय

भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या बाजूला मी संध्याकाळी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. बीएस्सी आयटीची, डिप्लोमाची मुलं येतात. काहीजण दिवसभर नोकरी करून, स्लो लोकलनं उतरून, स्टेशनवरून थेट वर्गातच. पायथन, जावा ती पटापट उचलतात; अडतात ती गिटपाशी. म्हणून गिटची नवी आवृत्ती आली की त्यात या मुलांसाठी काय आहे, ते मी आधी बघते. ऑगस्ट २०२५मध्ये आलेली २.५१ ही आवृत्ती त्या दृष्टीनं मला फार मोलाची वाटते.

गिट हे प्रोग्रॅमच्या फायलींची प्रत्येक टप्प्यावरची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. कुणी काय बदललं, कधी बदललं, हे त्यात राहतं; काही बिघडलं तर मागच्या टप्प्यावर परत जाता येतं; आणि चारजण एकाच प्रकल्पावर एकमेकांच्या पायात न येता काम करू शकतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे आधी बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरायचे. त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. काही महिन्यांतच सूत्रं जुनिओ हमानो यांच्याकडे गेली, ती आजही त्यांच्याकडेच आहेत. कर्नल लिहिणाऱ्या जाणकारांनी आपल्या गरजेपोटी केलेलं हे हत्यार. त्यातल्या आज्ञा नवशिक्याला सोप्या जाव्यात, हा तेव्हा कुणाचा विचारच नव्हता.

‘चेकआउट’ ही आज्ञाच घ्या. एका ब्रँचवरून, म्हणजे कामाच्या एका समांतर शाखेवरून, दुसऱ्या ब्रँचवर जायचं तरी चेकआउट, आणि फाइलमध्ये केलेले बदल टाकून देऊन ती जुन्या रूपात आणायची तरी चेकआउटच. माझ्या एका विद्यार्थ्याला ‘लॉगिन’ नावाच्या ब्रँचवर जायचं होतं. ती ब्रँच त्यानं अजून बनवलेलीच नव्हती, पण त्या नावाचा फोल्डर मात्र होता. त्यानं ‘गिट चेकआउट लॉगिन’ टाइप केलं. गिटला ब्रँच सापडली नाही, फोल्डर सापडला, आणि त्यातल्या फायली शेवटच्या नोंदीप्रमाणे करून ते मोकळं झालं. स्क्रीनवर एवढंच आलं, की अमुक इतक्या फायली अद्ययावत केल्या. दुपारभर लिहिलेला कोड गेला. कमिट केलेलं, म्हणजे नोंदीत पक्कं केलेलं, काम गिट सहसा हरवू देत नाही. हे कमिट केलेलंच नव्हतं. “ताई, मी तर फक्त ब्रँच बदलली,” तो म्हणाला. खरंच होतं त्याचं.

या घोळावर उपाय ऑगस्ट २०१९मधल्या २.२३ आवृत्तीतच आला होता. ब्रँच बदलायला ‘स्विच’, फाइल पूर्ववत करायला ‘रिस्टोअर’, अशा दोन वेगळ्या आज्ञा झाल्या. त्या मुलानं ‘गिट स्विच लॉगिन’ म्हटलं असतं, तर अशी ब्रँचच नाही, असं सांगून गिट थांबलं असतं. रिस्टोअरही बदल पुसतंच, पण निदान ते पुसायला बसलोय, हे माणसाला ठाऊक असतं. मात्र सहा वर्षं या दोन्ही आज्ञांवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता. पुढे वागणूक बदलू शकते, असं खुद्द गिटच म्हणत असेल, तर मास्तरांनी त्या आज्ञा शिकवायच्या कशा? २.५१मध्ये तो शिक्का निघाला. चेकआउट आहे तसं राहणार आहे, पण माझ्या मते नव्या मुलाला ते पहिल्या महिन्यात दाखवूच नये. सगळ्या कॉलेजांनी प्रॅक्टिकलच्या वह्यांत हा बदल यंदाच करावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी सोय ‘स्टॅश’ची. अर्धवट काम कमिट न करता बाजूला ठेवायची ही आज्ञा जुनीच. पण बाजूला ठेवलेलं काम त्याच मशीनवर अडकून राहायचं. आमची मुलं वर्गातल्या संगणकावर सुरुवात करतात आणि रात्री घरी, धाकट्या भावंडाचा अभ्यास आटोपल्यावर, लॅपटॉप हातात घेतात. आता स्टॅश एक्स्पोर्ट करून सर्व्हरवर पाठवता येतो आणि दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट करता येतो.

आतल्या अंगानंही बदल चालू आहेत. गिट प्रत्येक नोंदीला शा-१ पद्धतीनं काढलेला ओळखक्रमांक देतं. दोन वेगळ्या फायलींचा शा-१ क्रमांक एकच येऊ शकतो, हे २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलच्या संशोधकांनी करून दाखवलं. म्हणून गिटच्या ३.० आवृत्तीत नव्या प्रकल्पांसाठी अधिक भक्कम शा-२५६ आपोआप लागू करायचं ठरलं आहे.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याला ती बोचते. फाइलचं नाव ‘हिशोब’ ठेवलं, की गिट ते ३४०, २४४, २७१ अशा पंधरा आकड्यांच्या रांगेत दाखवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि इंग्रजीपलीकडचे बाइट गिट मुळातच आकड्यांत छापतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की नाव सरळ मराठीत दिसतं. वर्गात पहिल्याच दिवशी मी ते करून घेते. आपल्या लिपीतलं नाव दिसायला मुळात सेटिंग बदलावं लागू नये.

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, हे ‘गिट व्हर्जन’ टाइप केल्यावर कळतं. उबुंटू २२.०४ असलेल्या लॅबमध्ये बहुधा २.३४ निघेल. स्विच आणि रिस्टोअर त्यात आहेत, पण स्टॅश इकडून तिकडे न्यायचा तर दोन्ही मशीनवर २.५१ किंवा त्यापुढची आवृत्ती टाकून घ्या.