नियंत्रण मर्यादांचा नव्या माहितीसाठी वापर

सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणात, स्थिर प्रक्रियेच्या जुन्या माहितीवरून काढलेल्या नियंत्रण मर्यादा कायम ठेवून त्यांवर पुढील उत्पादनाचे नमुने तपासण्याच्या पद्धतीला नियंत्रण आलेखाचा 'दुसरा टप्पा' म्हणतात. मर्यादा निश्चित करणे हा पहिला टप्पा होय. दुसऱ्या टप्प्यात नवी माहिती केवळ तपासली जाते. तिच्यावरून मर्यादा काढल्या जात नाहीत.

पार्श्वभूमी

नियंत्रण आलेखाची कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वाभाविक असतात, तर काहींमागे शोधून दूर करता येण्याजोगे विशिष्ट कारण असते. या दोहोंत फरक करण्यासाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंस तीन प्रमाण विचलनांच्या अंतरावर मर्यादा आखतात. प्रक्रिया स्थिर असताना व निरीक्षणे प्रसामान्य वितरणाची असताना एखादा बिंदू या मर्यादांबाहेर पडण्याची शक्यता सुमारे ०.२७ टक्के, म्हणजे ३७० बिंदूंत साधारण एक, इतकीच असते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. भारतात या पद्धतींच्या प्रसारात भारतीय सांख्यिकी संस्थेचा मोठा वाटा आहे.

पहिला टप्पा

सातारा जिल्ह्यातील पाचगणी-महाबळेश्वर परिसर स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असून तेथे जॅम, क्रश इत्यादी बनवणारे फळप्रक्रिया उद्योग आहेत. अशा एखाद्या कारखान्यात ५०० ग्रॅम जॅमच्या बाटल्या भरल्या जातात असे समजू. प्रत्येकी ५ बाटल्यांचे २५ नमुने घेतले. सर्व नमुन्यांची सरासरी ५०२.० ग्रॅम, तर नमुन्यांतील विस्ताराची (कमाल व किमान वजनांतील फरकाची) सरासरी ५.२ ग्रॅम आली. पाचच्या नमुन्यासाठी सारणीतील गुणक ०.५७७ आहे.

वरची मर्यादा = ५०२.० + (०.५७७ × ५.२) = ५०५.० ग्रॅम
खालची मर्यादा = ५०२.० − (०.५७७ × ५.२) = ४९९.० ग्रॅम

एखादा नमुना मर्यादेबाहेर गेला आणि त्याचे विशिष्ट कारण सापडले, तर तो वगळून मर्यादा पुन्हा काढतात. कारण न सापडता केवळ आलेख नीटनेटका दिसावा म्हणून बिंदू वगळणे चुकीचे असते. त्यामुळे मर्यादा खऱ्या चढउतारापेक्षा अरुंद होतात आणि पुढे खोटे इशारे वाढतात.

दुसरा टप्पा

पुढील महिन्यात भरणयंत्राचा झडपभाग झिजून सरासरी वजन ५०४.८ ग्रॅम झाले, मात्र बाटल्याबाटल्यांतील चढउतार पूर्वीइतकाच राहिला असे मानू. जुन्या मर्यादा कायम असतील, तर दर पाच नमुन्यांपैकी साधारण दोन ५०५.० च्या वर जातील व बिघाड लवकर उघड होईल. याउलट नव्या महिन्याच्याच माहितीवरून मर्यादा काढल्या, तर त्या ५०१.८ व ५०७.८ येतील. जवळजवळ सर्व बिंदू त्यांच्या आत बसतील आणि आलेख 'सर्व ठीक' असे दाखवील. प्रत्यक्षात दर दहा हजार बाटल्यांमागे २८ किलो जॅम जास्त जात असेल. सरासरी याच रीतीने खाली सरकली, तर नुकसान ग्राहकाचे होईल.

मर्यादा केव्हा बदलाव्यात

यंत्र, कच्चा माल किंवा कार्यपद्धती जाणीवपूर्वक बदलली असेल, बदलाचे कारण ठाऊक असेल आणि नवी स्थिती टिकणार असेल, तेव्हाच मर्यादा नव्याने काढतात. केवळ नमुन्याचा आकार बदलल्यास प्रक्रियेचे प्रमाण विचलन तेच ठेवून मर्यादांची रुंदी बदलावी लागते. वरील उदाहरणात पाचऐवजी चार बाटल्यांचा नमुना घेतल्यास सरासरीपासूनचे अंतर ३.० ऐवजी सुमारे ३.३५ ग्रॅम होते.

एका ठिकाणच्या मर्यादा दुसरीकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत. समुद्रसपाटीवर जॅम साधारण १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९६ अंशांना उकळते आणि त्याच घट्टपणाचा जॅम १०० अंशांच्या आसपासच तयार होतो. मुंबईत काढलेल्या तापमानाच्या मर्यादा येथे वापरल्या, तर निर्दोष घाणेही मर्यादेबाहेर दिसतील आणि त्या गाठण्यासाठी जॅम अधिक आटवला, तर तो बिघडेल.

विनिर्देश मर्यादांशी फरक

नियंत्रण मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या वर्तनावरून ठरतात, तर विनिर्देश मर्यादा ग्राहक किंवा कायदा ठरवतो. भारतीय अन्न मानकांनुसार जॅममध्ये एकूण विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात. ही विनिर्देश मर्यादा होय. नियंत्रण मर्यादांच्या आत असलेली प्रक्रियाही हे मानक पाळण्यास असमर्थ असू शकते. म्हणून नियंत्रण आलेखावर विनिर्देश मर्यादा आखत नाहीत.