रेंजची एक कांडी आणि सत्तर जागा

२२ सप्टेंबर २०२२ रोजी अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. अशा वेळी अडकलेला माणूस आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडतो. रेंज नसली की मेसेजपुढचं घड्याळ हलत नाही. मग तो फोन लावतो. आजूबाजूच्या सगळ्यांनीच लावलेला असला तर तोही लागत नाही. साधा मेसेज पाठवावा हे फार थोड्यांना सुचतं, आणि जाण्याची शक्यता जास्त असते ती त्याचीच.

याचं कारण त्याच्या मूळ रचनेत आहे. फोनवर बोलायचं तर बोलणं संपेपर्यंत टॉवरवरची एक वाट आपल्यासाठी अडकून राहते. त्याखेरीज टॉवर आणि मोबाईल यांची आपापसात अखंड चालू असलेली खुणेची देवाणघेवाण असते. एसएमएस या देवाणघेवाणीच्या वाटेने क्षणात निघून जातो. समोरचा फोन बंद असला, तर कंपनीचं मेसेज केंद्र तो जपून ठेवतं आणि ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवून बघतं. घराला कुलूप दिसलं म्हणून पत्र परत नेणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा पोस्टमनच म्हणा. माचाळ-खोरनिनकोकडच्या डोंगरातली वाडी असो की मुसळधार पावसात लाईट गेलेलं गाव, रेंज घटकाभर आली तरी पुरते.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक हिशेब समजून घ्यायला हवा. एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘रत्नागिरी’ डोळ्यांना चार अक्षरी दिसतं, पण नऊ जागा खातं. सत्तरच्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात. एखादा तुकडा मागे राहिला, तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धवट मजकूर येतो किंवा काहीच येत नाही.

म्हणून काय, मराठी सोडून रोमनमध्ये लिहायचं? मला ते पटत नाही. हा मजकूर बघा: ‘अंजणारी पूल बंद. लांज्यात थांबलोय. उद्या सकाळी निघतो.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ५३ जागा झाल्या; १७ अजून शिल्लक आहेत. आईला चष्मा लावून सहज वाचता येईल, शेजाऱ्याला दाखवता येईल, आणि फोनवर ऐकलेलं विसरतं तसं हे विसरायला होणार नाही. पुराच्या, दरडीच्या सरकारी इशाऱ्यांनाही हाच नियम लावायला हवा: पहिल्या सत्तर जागांत गावाचं नाव, काय झालंय आणि काय करायचं. कार्यालयाचं लांबलचक नाव शेवटी आलं तरी चालेल. मुचकुंदी नदी चढत असताना काठच्या माणसाला त्या नावाचा उपयोग नाही.

आता रिचार्जचं. मुंबईतला चाकरमानी आईबापांच्या बटणाच्या फोनवर इंटरनेटसकटचा पॅक मारतो, आणि त्यातलं इंटरनेट तसंच वाया जातं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस यांसाठी वेगळा पॅक ठेवणं बंधनकारक केलं. दुकानात तो नावाने मागावा. गणपतीला गावी आलात की आईच्या फोनवर मराठी मेसेज नीट उमटतो का तेही पाहून घ्या. काही जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तसे दिसले, तर त्या घरापुरती रोमन लिपी ठरवून टाका आणि दोघांनी एकदा पाठवून बघा.