कुलूप कोणाचे, नोंद कोणाची?



कोकणात जाताना वडखळजवळचा डोलवीचा पोलाद कारखाना आपल्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. तो कंपनीचा. कंपनीने यंत्रे नाहीतर कच्चा माल लावून कर्ज काढले, की त्या बोजाची नोंद कंपनी निबंधकाकडे करावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. आपण पडलो सहकारी. आपल्या यंत्रांवरचा बोजा वर्षानुवर्षे बँकेच्या दप्तरात नि आपल्या कपाटात. सभासदाला पत्ताच नाही!

ही स्थिती आता पालटली आहे. कर्जवसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली २०११ साली सेरसाई ही केंद्रीय नोंदणी सुरू झाली. पुढे २०१६ ची दुरुस्ती आली आणि तिची प्राधान्याची कलमे २४ जानेवारी २०२० पासून अमलात आली. ज्या बँकेची नोंद, तिचे देणे पहिले. सरकारी करसुद्धा मागून. नोंद नसेल तर या कायद्याने जप्तीही नाही. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असे मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ठरविले. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ साली विक्रीकर खात्यालाही हेच सांगितले.

इथे एक घोळ नेहमी होतो. यंत्रे आपल्या ताब्यात, चालवतो आपण, बोजा बँकेचा, हे नजरगहाण. गोदामातल्या साखरेला बँकेचे कुलूप, हे मालतारण. नवी नोंदणी नजरगहाणाला लागते, मालतारण सरफेसीच्या बाहेर आहे. आणि कुलूप म्हणजे सर्व काही, असेही नाही. राज्य सहकारी बँकेकडे तारण असलेल्या साखरेवर कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क आधी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. मराठवाड्यातल्या कारखान्यांची ती साखर होती.

मग आमच्या उसाचे काय? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. पण नव्या कलमात नोंदलेल्या बँकेचे देणे महसुलाच्याही आधी धरले आहे. म्हणजे कारखाना अडचणीत आला, तर यंत्रांच्या पैशात आपले ऊसबिल बँकेच्या मागे उभे राहणार. वार्षिक सभेत आपण दरावरून दोन-दोन तास भांडतो, बोजाचा तक्ता मात्र कोणी मागत नाही. यंदा मागावा. कोणत्या बँकेचा, कशावर, किती, आणि फिटलेल्या कर्जाची नोंद उतरवली की नाही, हे संचालक मंडळाने वाचून दाखवावे.

घरच्या ट्रॅक्टरचेही तसेच. हप्ते फिटले म्हणून आरसी बुकातला बोजा आपोआप जात नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावे लागते. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी बुक पाहावे, मग टायर. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, तेवढी धास्ती नको; सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा मात्र आहे तिथेच आहे.